द्राक्ष-बागाईतदारानें वायनऱ्यांची पाहणी कशी करावी

गेल्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत मी, माझा पुतण्या व त्याचा एक शेजारी असे तिघेजण नाशिकच्या आसपासच्या तीन वायनऱ्या एका दिवसांत पाहून आलों. त्याकरितां एक खाजगी मोटार व तिजबरोबर माहिती सांगणारा एक तरुण मार्गदर्शक अशी दिवसाची बोली केली होती. अशा सहली मुंबई-पुण्याकडील हौशी मंडळी हल्लीं नित्य करितात. त्यांत शेतकऱ्यानें शिकण्याजोगें कांहीं असेल अशी माझी कल्पना नव्हती. परंतु त्या एका दिवसांत आम्हांस जें पाहावयास व विचारावयास मिळालें, तें इतर बागाईतदार बंधूंच्याहि उपयोगीं पडेल असें संघाच्या बैठकींत कांहीं सभासदांनीं सुचविल्यावरून हा लेख लिहीत आहें.

पाहणीचें कारण आधीं सांगितलें पाहिजे. आमची घरची जमीन निफाड तालुक्यांत आहे. बाग थॉम्सन व सोनाका जातीची, म्हणजे खाण्याच्या द्राक्षांची. सन २००६ सालीं माझ्या धाकट्या भावानें दीड एकरांत शिराज ही वाइनची जात लाविली. त्या काळीं आमच्या भागांत वाइनच्या द्राक्षांची मोठी हवा होती. सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर करून अनेक सवलती दिल्या होत्या; नवीन वायनऱ्या भराभर उभ्या राहत होत्या; आणि करार करणाऱ्या कंपन्यांचीं माणसें गांवोगांव फिरत होतीं. भावाच्या बागेचें पहिलें पीक २००८ सालीं कंपनीनें उचललें व पैसेहि चोख दिले. दुसऱ्या वर्षीं माल उचलला, पण पैसे पावसाळा संपेपर्यंत हप्त्याहप्त्यानें आले. तिसऱ्या वर्षीं, म्हणजे २०१० च्या फेब्रुवारींत, माल वेलीवर पिकून तयार असतां कंपनीनें गाडीच पाठविली नाहीं. वाइनचें द्राक्ष बारीक, जाड सालीचें व बियांचें असल्यामुळें त्यास खाण्याच्या बाजारांत गिऱ्हाईक नसतें. थोडा माल मिळेल त्या भावानें रसवाल्यास दिला, बाकीचा उकिरड्यांत गेला. पुढील उन्हाळ्यांत भावानें कुऱ्हाड लावून बाग काढून टाकिली. त्या एक-दोन वर्षांत अशा बागा आमच्या तालुक्यांत पुष्कळांनीं काढल्या.

मी त्या वेळीं तहसील कचेरींत अव्वल कारकून होतों. जन्मभर परक्यांचे खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र वाचून त्यांतील उणें काढण्याचें काम केलें. परंतु सख्ख्या भावानें सही केलेला करार मात्र मीं कधीं मागून वाचला नव्हता. आतां त्याच भावाचा मुलगा दोन एकर वाइनचें द्राक्ष करारानें लावावयाचें म्हणतो, व दुसऱ्या एका कंपनीच्या कराराचा मसुदाहि घरीं येऊन पडला आहे. भाऊ ह्या विषयावर घरांत एक शब्द बोलत नाहीं. तेव्हां नुसतें होय किंवा नाहीं म्हणण्यापेक्षां हा धंदा आंतून कसा चालतो तें डोळ्यांनीं पाहावें, असें मीं पुतण्यास सुचविलें.

निघण्याच्या आदल्या रात्रीं मीं भावाजवळ जुना करार मागितला. त्यानें पेटींतून काढून दिला. त्यांतील चौथ्या कलमांत असें लिहिलेलें होतें कीं, कंपनी शेतकऱ्याचा माल 'आपल्या आवश्यकतेनुसार' खरेदी करील. ह्या एका शब्दामुळें २०१० सालीं कंपनीनें कराराचा भंग केलाच नव्हता! तिला आवश्यकता नव्हती, तिनें घेतला नाहीं. चौदा-पंधरा वर्षें आम्ही सर्वजण ज्या कंपनीस फसवी म्हणत आलों, तिनें फसविण्याचें काम सही घेतांनाच, आणि तेंहि स्वच्छ अक्षरांत लिहून, उरकलें होतें.

आतां पाहणीच्या तयारीविषयीं. पहिली गोष्ट म्हणजे हंगाम. आपल्याकडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षांतून दोनदां होते, एप्रिलमध्यें खरड छाटणी व पावसाळा सरतांना फळछाटणी. आणि पीक एकदांच येतें. त्यामुळें युरोपांत जी काढणी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत चालते ती आपल्याकडे जानेवारीपासून मार्चपर्यंत येते. ह्या तीन महिन्यांतच वायनरींत खऱ्या अर्थानें काम चालू असतें. पावसाळ्यांत गेल्यास डोंगर हिरवे दिसतील, धरणाचें पाणी दिसेल, पण वजनकांटा बंद असेल. दुसरी गोष्ट वाराची. शनिवार-रविवारीं तेथें जत्रा असते. सोमवार ते गुरुवार ह्यांपैकीं एखादा दिवस घ्यावा.

तिसरी गोष्ट खाजगी मार्गदर्शकाची. ह्यास पैसे पडतात हें खरें. आम्हां तिघांत मिळून साडेसात हजार रुपये पडले व चाखण्याचा आकार निराळा. मोठ्या वायनरींत सर्वसाधारण पाहुण्यांस वीस-पंचवीस जणांच्या घोळक्यांत अर्धा तास फिरवितात. त्यांत कोणी फोटो काढीत असतो, कोणी भूक लागली म्हणत असतो. शेतकऱ्याच्या प्रश्नास तेथें जागा नसते. खाजगी माणूस आधीं फोन करून वेळ ठरवितो, आंतील माणसांशीं त्याची ओळख असते, आणि आपण एका जागीं पाऊण तास उभे राहिलों तरी तो घाई करीत नाहीं. मात्र त्यास आपला हेतु आधीं सांगावा. मीं फोनवर आमच्या मार्गदर्शकास सांगितलें कीं, आम्हांस दुकान शेवटीं दाखवा, आधीं माल उतरतो ती जागा दाखवा. तो हंसून म्हणाला, "काका, लोक टेस्टिंग किती ग्लासांचें असतें तें विचारतात. वजनकांटा दाखवा म्हणणारे तुम्हीच पहिले." मुलगा गुणी होता. बागेंतील त्यास फारसें कळत नव्हतें, पण जें कळत नव्हतें तें तो लपवीत नव्हता, हें मला आवडलें.

चौथी गोष्ट, एका दिवसांत तीन ठिकाणांहून अधिक घेऊं नयेत. पांच-पांच वायनऱ्यांच्या सहली निघतात, परंतु त्यांत प्रत्येक ठिकाणीं चाखण्यापुरताच वेळ उरतो. बरोबर वही, पाणी, घरची भाकरी व बागेंतला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. आणि गाडी आपण चालवूं नये. शंभर मिलिलिटर रक्तांत तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क सांपडल्यास गाडी चालविणें हा गुन्हा आहे, आणि चार ठिकाणीं चार-चार घोट घेणाऱ्या माणसास आपण मर्यादा कोठें ओलांडली हें समजत नाहीं.

सकाळीं साडेआठ वाजतां आम्ही गंगापूर धरणाच्या बाजूस निघालों. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर असल्यामुळें हिंवाळ्यांत येथील रात्री थंड असतात. दिवसाच्या उन्हानें मण्यांत साखर भरते व रात्रीच्या थंडीनें आंबटपणा टिकून राहतो. वाइनला दोन्ही लागतात. येथें 'सुला' ही ह्या जिल्ह्यांतील सर्वांत प्रसिद्ध वायनरी आहे. राजीव सामंत हे अमेरिकेंत शिक्षण व नोकरी करून परत आले व त्यांनीं १९९९ सालीं ती सुरूं केली. २००० सालीं तिची पहिली वाइन बाजारांत आली. तत्पूर्वीं नारायणगांवीं फेसाळ वाइन होऊं लागलेली होती, परंतु नाशिकचें नांव ह्या धंद्यांत झालें तें सुलापासून. आज 'नाशिक व्हॅली वाइन' ह्या नांवास भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे. पाहुण्यांनीं येऊन चाखावें, राहावें, जेवावें ही प्रथाहि इकडे तिनेंच पाडली. तेथील इमारती, बाग, गच्चीवरून दिसणारें दृश्य ह्यांचें वर्णन इतरांनीं पुष्कळ केलें आहे, सबब मी तें करीत नाहीं.

ह्या बाजूस मळ्याकडे पाहतांनाच पहिला फरक ध्यानांत येतो. आपला मांडव डोक्यावर असतो. येथें वेल कमरेएवढ्या उंचीवर तारांना धरून कुंपणासारखे सरळ ओळींत उभे केलेले असतात. पानें वर बांधलेलीं, घड खालीं एका रेषेंत. मणी वाटाण्यापेक्षां थोडे मोठे. आपण ज्या जिबरेलिक आम्लाच्या बुचकळ्या देऊन मणी फुगवितों, ती येथें उलट हानि करणारी गोष्ट आहे. कारण वाइनचा रंग, तुरटपणा व वास बहुतांशीं सालींत असतो. मणी जितका लहान तितकें रसाच्या मानानें सालीचें प्रमाण अधिक. म्हणून जो बागाईतदार खाण्याच्या द्राक्षांत हुशार आहे, त्यास वाइनच्या बागेंत आपलें निम्में ज्ञान विसरावें लागतें. उत्पन्नाचेंहि तसेंच. खाण्याच्या बागेंत एकरीं दहा-बारा टन माल काढणें ही फुशारकीची गोष्ट. येथें पांच टनांच्या आसपास थांबावें लागतें, नाहींतर साखर भरत नाहीं. पुतण्याचा शेजारी हें ऐकून म्हणाला, "मग भावांतच सारें आलें!" त्याचें बरोबर होतें.

आतां माल उतरण्याची जागा. काढणी पहाटे करून क्रेट सकाळीं नवाच्या आंत आणतात, कारण तापलेला माल वाटेंतच आंबूं लागतो. आल्याबरोबर वजन होतें, नमुना घेतला जातो, त्यांतील साखर, आंबटपणा व सामू तपासतात. खाण्याचें द्राक्ष सोळा-अठरा अंश ब्रिक्सवर बाजारांत जातें. वाइनसाठीं बावीस ते चोवीस अंश लागतात. ह्याचें कारण साधें आहे. यीस्ट नांवाचा सूक्ष्म जीव साखर खातो व तिचा मद्यार्क आणि कर्बवायु करितो. साखरेचा एक अंश म्हणजे अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक मद्यार्क. म्हणून तेवीस अंशांच्या रसाची वाइन तेरा टक्क्यांच्या आसपास उतरते. ही भट्टीची दारू नव्हे. भट्टींत उकळून वाफ धरितात. येथें उकळणें नाहीं, उलट थंड राखणें आहे.

पांढऱ्या वाइनचीं द्राक्षें देठापासून सुटीं करून आधीं दाबतात व नुसता रस पोलादी टाकींत सोडतात. बारा ते सोळा अंश सेल्सिअस उष्णतेंत तो दोन-तीन आठवडे आंबतो. तांबड्या वाइनचा रस सालीसकट आंबवितात, कारण रस पांढराच असतो, रंग सालींतून येतो. वायूच्या जोरानें साली वर येऊन त्यांचा जाड थर बनतो व तो कोरडा पडूं नये म्हणून खालचा रस नळीनें वर घेऊन त्यावर पुन्हां पुन्हां सोडतात. दिवसांतून किती वेळां सोडावा ह्यावर वाइन करणाऱ्याचें कसब ठरतें. टाक्यांभोंवतीं थंड पाण्याचें वेष्टन असतें. फेसाळ वाइनची रीत तर आणखी नाजूक. तिचें दुसरें आंबवण बाटलींतच होतें, आणि वायु बाहेर न जातां आंत मुरतो. कांहीं तांबडी वाइन पुढें ओक लाकडाच्या पिंपांत वर्षभर ठेवितात. एका पिंपांत २२५ लिटर मावते. त्या तळघरांत अंधार, गारवा व ओल्या लाकडाचा वास होता. शेजाऱ्यास तेथून निघवेना.

माझा डोळा मात्र नमुना घेणाऱ्या मुलाकडे लागला होता. त्यानें क्रेटच्या वरच्या थरांतले चार मणी न घेतां तीन निरनिराळ्या क्रेटांतून, वरचे, मधले व तळचे असे घड घेतले. हें न्याय्य आहे. पण सर्वत्र असेंच होतें कीं नाहीं हें शेतकऱ्यानें स्वतः उभें राहून पाहावें, आणि आपल्या रिफ्रॅक्टोमीटरवर त्याच रसाचा थेंब टाकून आंकडा वहींत लिहून ठेवावा. पुतण्याच्या मसुद्यांत बावीस अंशांखालीं प्रत्येक अंशास भाव कमी होणार होता. जेथें आंकड्यावर पैसे ठरतात, तेथें आंकडा काढणारा हात कोणाचा, हें आधीं पाहावें. महसूल खात्यांत आम्ही मोजणीदाराबद्दल हेंच म्हणत असूं.

दुसऱ्या वायनरींत, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बांधलेल्या ओसरींत, चाखण्याचा कार्यक्रम झाला. मी मद्य घेत नाहीं, व तसें आधींच सांगितलें होतें. मार्गदर्शक म्हणाला, "काका, तुम्ही नुसता वास घ्या, निम्में काम नाकाचेंच असतें." पुतण्यानें चाखलें, व रीतीप्रमाणें जवळच्या भांड्यांत थुंकून टाकिलें. चाखण्यास आलेल्या माणसानें गिळलेंच पाहिजे असें नाहीं, आणि धंदेवाईक माणसें तर दिवसभर थुंकतच असतात, ही माहिती मला नवीन होती. आधीं पेला तिरपा धरून रंग पाहावा, मग फिरवून वास घ्यावा, मग एक घोट जिभेवर सर्वत्र फिरवावा, असा क्रम आहे.

पहिला पेला सोव्हिन्यॉं ब्लांचा होता. मार्गदर्शक पेरूचा, गवताचा वास येतो असें सांगूं लागला. पुतण्या मध्येंच म्हणाला, "तात्या, ही तर आपली ढोबळी मिरची!" त्यानें शेडनेटमध्यें दोन वर्षें ढोबळी मिरची केली आहे, तेव्हां त्याचें नाक चुकणार नव्हतें. वाइन ओतणारी मुलगी जाणकार निघाली. ती म्हणाली कीं, हा वास पायरॅझिन नांवाच्या द्रव्याचा असून तो मिरचींत व ह्या द्राक्षांत एकच आहे. द्राक्ष जसजसें पिकतें तसतसा तो कमी होतो. काढणी लवकर केली तर मिरची अधिक, उशीरां केली तर फळाचा गोड वास अधिक. म्हणजे शेतकऱ्यानें कोणत्या आठवड्यांत काढणी केली हें पेल्याच्या वासावरून ओळखतां येतें! मीं पेला पुन्हां नाकाशीं नेला. खरेंच हिरव्या देठासारखा वास होता.

दुसरी गोष्ट तिनेंच सांगितली, ती भुरीच्या बंदोबस्तासंबंधीं आहे म्हणून येथें देतों. काढणीच्या तोंडावर गंधक मारल्यास तें सालीवर राहून टाकींत जातें, व आंबवतांना यीस्ट त्याचा सडक्या अंड्यासारखा वास असणारा वायु करितो. सबंध टाकी बिघडूं शकते. म्हणून शेवटचें गंधक काढणीपूर्वीं किती दिवस बंद करावें हें वायनरीकडून लेखी घ्यावें, व फवारणीची वही तारीखवार ठेवावी. टाकी बिघडल्यावर कोणाच्या गंधकानें बिघडली हा वाद निघाल्यास वही हाच पुरावा. त्याच कारणास्तव मोबाइलवरील ई-पीक पाहणींत आपल्या बागेची नोंद वेळेवर करावी. ती २०२१ सालापासून शेतकऱ्यानें स्वतः करावयाची आहे, आणि अजूनहि पुष्कळ सात-बाऱ्यांवर बाग उभी असतां जमीन पड दाखविलेली असते.

चाखण्याच्या खोलीशेजारीं दुकान होतें. एका बाटलीवर आठशें रुपयांच्या आसपास किंमत पाहून शेजाऱ्यानें हिशेब मांडिला. पाऊण लिटरच्या बाटलीस सव्वा किलोच्या आंतबाहेर द्राक्ष लागतें. चाळीस रुपये किलो भाव धरिला तर शेतकऱ्याचे पन्नास रुपये. बाकीचे साडेसातशें कोणाचे? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर एका वाक्याचें नाहीं. त्यांत पोलादी टाक्या, विजेचें बिल, पिंपें, बाटली, बूच, कर, दुकानदाराचा नफा, आणि माल विकला जाईपर्यंत एक-दोन वर्षें अडकलेलें भांडवल आहे. २००८ च्या अखेरीस जगभर मंदी आली, त्यांतच नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला होऊन हॉटेलें ओस पडलीं, तेव्हां हेंच भांडवल टाक्यांत अडकलें व अनेक वायनऱ्यांनीं नवीन माल घेणें थांबविलें. २०२२ च्या जानेवारींत मोठ्या किराणा-दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय सरकारनें जाहीर केला, पण त्यास विरोध होऊन तो अंमलांत आला नाहीं. ह्या निर्णयाच्या बऱ्यावाईटपणाबद्दल मला येथें बोलावयाचें नाहीं. बागाईतदारानें इतकेंच ध्यानांत धरावें कीं, ज्या मालाचा खप सरकारच्या एका ठरावावर व हॉटेलांतील पाहुण्यांवर वरखालीं होतो, त्या मालाची वेल पंधरा वर्षें जमिनींत उभी राहणार आहे.

तिसरी वायनरी दिंडोरी तालुक्यांतील एक लहानशी होती. मालक स्वतः बागाईतदार. थोडी वाइन आपल्या मळ्याची, बाकी शेजारच्या सात-आठ शेतकऱ्यांच्या मालाची. दुपारची वेळ होती. त्यांनीं आम्हांस आमची भाकरी त्यांच्याच ओसरींत खाऊं दिली, वर वांग्याची भाजी दिली. मीं पुतण्याचा मसुदा त्यांच्यापुढें ठेविला. परक्या कंपनीचा कागद वाचण्याचें त्यांस कांहीं कारण नव्हतें, पण त्यांनीं तो चष्मा लावून सबंध वाचला. नंतर म्हणाले, "अण्णा, माल देणारा आणि माल घेणारा दोघेहि आभाळाकडेच पाहतात. पण तुमचा माल चार दिवसांत कुजतो आणि माझा टाकींत वर्षभर राहतो. म्हणून कागद नेहमीं तुमच्या बाजूनें थोडा जड पाहिजे."

त्यांनीं बोट ठेवलेलीं कलमें अशीं. मालाचें परिमाण मसुद्यांत नव्हतें. 'कंपनीच्या गरजेप्रमाणें' असा मोघम शब्द होता. भावाच्या करारांतील 'आवश्यकता' येथें 'गरज' होऊन बसली होती, एवढाच पंधरा वर्षांतील फरक! त्या जागीं एकरीं अमुक टनांपर्यंत सर्व माल घेणें कंपनीवर बंधनकारक, असें पाहिजे.

काढणीची तारीख कंपनी ठरविणार होती. ह्यांत वावगें नाहीं, कारण वर सांगितल्याप्रमाणें तारखेवर वाइनचा वास ठरतो. पण उशीर झाल्यास मणी सुकून वजन घटतें, आणि पैसे तर वजनावर मिळतात. त्यांनीं कागदावर हिशेब करून दाखविला. पांच टन माल, चाळीस रुपये भाव, म्हणजे दोन लाख रुपये. कंपनीनें दहा दिवस थांबविलें व वजन शेंकडा आठ घटलें, तर चारशें किलो गेले. सोळा हजार रुपये शेतकऱ्याचे गेले, आणि वाइन मात्र अधिक चांगली झाली. मध्यंतरीं अवकाळी पाऊस आला तर सारेंच गेलें. म्हणून साखर ठरलेल्या अंशास पोंचल्याची लेखी सूचना दिल्यावर अमुक दिवसांत माल न उचलल्यास पुढील घट कंपनीची, असें कलम हवें. मीं तीस वर्षें कागद वाचले, पण हें कलम मला सुचलें नसतें; तें बाग व टाकी ह्या दोहोंचें ज्ञान असणाराच सुचवूं शकतो.

मुदतीबद्दल त्यांचें म्हणणें असें कीं, खुंटरोप लावल्यापासून भरीचें पीक येण्यास तीन वर्षें जातात. मग पांच वर्षांचा करार म्हणजे खरोखरी दोन-तीन पिकांचा करार. दहा वर्षांची मुदत मागावी. पैशांबद्दल, निम्मे पंधरा दिवसांत व बाकीचे तीन महिन्यांच्या आंत, उशीर झाल्यास व्याज. आणि अमुक खुंट व अमुक वाण कंपनीच्या सांगण्यावरून लाविला असल्यास तसें करारांत नांवानिशीं लिहून घ्यावें, म्हणजे पुढें वाण नापसंत ह्या सबबीवर माल नाकारतां येणार नाहीं. त्यांनीं आणखी एक सल्ला दिला कीं, वेलीबाबत शंका असल्यास कंपनीच्या माणसावर विसंबूं नये. पुण्याजवळ मांजरी येथें राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तेथें जाऊन विचारावें.

मार्गदर्शक मुलगा हें सर्व ऐकत बसला होता. परत येतांना गाडींत म्हणाला कीं, दोन वर्षें तो पाहुण्यांस पिंपें दाखवितो आहे, पण द्राक्षें कोणाचीं असतात हें त्यास कोणी विचारलें नव्हतें, व त्यालाहि विचारावेंसें वाटलें नव्हतें.

पुतण्यानें दुसऱ्याच आठवड्यांत कंपनीस चार दुरुस्त्या लिहून पाठविल्या. मसुदा मीं केला. उत्तर येण्यास महिना लागला. कंपनीनें दोन मान्य केल्या, एकरीं पांच टनांपर्यंत सर्व माल घेण्याची व पंधरा दिवसांत निम्मे पैसे देण्याची. उचल लांबल्यास घट सोसण्याचें कलम सात दिवसांऐवजीं पंधरा दिवसांवर आणून ठेविलें आहे. त्यावर लिहिणें चालू आहे. दहा वर्षांची मुदत साफ नाकारली. त्यावरून पुतण्यानें दोन एकरांऐवजीं एकच एकर लावण्याचें ठरविलें, व दुसऱ्या एकरांत थॉम्सन आहे तशीच ठेविली. खुंटरोपें मार्चच्या तिसऱ्या आठवड्यांत लावून झालीं. कलमें ऑगस्ट-सप्टेंबरांत बांधावयाचीं.

भावानें ह्यावर होय किंवा नाहीं कांहींच म्हटलें नाहीं. लावणी झाली त्या संध्याकाळीं मात्र तो गोठ्यामागें गेला व २०१० सालीं उपटून ठेविलेले लोखंडी अँगल गवतांतून काढून मोजूं लागला. त्रेसष्ट निघाले. त्यांतील अकरा गंजून कामांतून गेले आहेत. बाकीचे घांसून, रंग देऊन चालतील असें तो पुतण्यास म्हणाला.